भिंतीवरची मुले

माझ्या आजीला चित्रे काढता येतात, असे आमच्या घरात कधी कोणी म्हटले नाही. आजी नागपंचमीला नाग काढते, चैत्रात अंगण काढते, श्रावणात जिवती काढते, असे म्हणत. चित्रकार म्हणजे कोट घालून साहेबलोकांच्या तसबिरी रंगवणारा, अशी माझ्या वडिलांची समजूत होती, आणि त्या काळच्या ठाण्यात बहुतेकांची तीच असावी. आजीला कोट नव्हता. विधवेचे लाल अलवण नेसून, डोक्यावरून पदर ओढून ती माजघरातल्या भिंतीपुढे पाट टाकून बसे. वाटीत गेरू, दुसऱ्या वाटीत हळद, पणतीत धरलेले काजळ आणि दगडाने टोक ठेचून मऊ केलेली शिंदीची काडी, एवढ्यावर तिचे काम चाले.

जिवती ही लेकुरवाळी देवी. श्रावणातल्या शुक्रवारी मुलांना उदंड आयुष्य मिळावे म्हणून आया तिची पूजा करतात, आघाडा-दूर्वांची माळ घालतात, आणि मुलांना पाटावर बसवून ओवाळतात. मूल गावाला असेल तर त्या दिशेला अक्षता टाकतात. आता छापील कागद मिळतो. त्यावरच्या देवीभोवती सगळ्या घरांना सारखीच मुले असतात. आजीच्या जिवतीचे तसे नव्हते. ज्या घरात चार मुले, त्या घरच्या भिंतीवर चार. आमच्या आळीत चौदा घरे होती आणि चौदाही भिंतींवर तिचा हात फिरे. एखाद्याच्या हातात पाटी, एखाद्याच्या हातात अर्धा खाल्लेला आंबा, एकीच्या नाकाला शेंबूड. आळीतली मुले एकमेकांच्या घरी जाऊन आपण कसे निघालो आहोत ते पाहत आणि भांडत.

चित्र पुरे झाले की आजी उठून स्वयंपाकघरात जाई. देवीला कुंकू लावण्याचा अधिकार तिला राहिला नव्हता. ते माझी आई लावी. पाहुण्या सवाष्णींसमोरही आजी येत नसे. देवीला डोळे द्यायचे तिने आणि कुंकू लावायचे दुसरीने, यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. मला वाटत होते, पण मी ते एका इंग्रजी निबंधात लिहून मोकळा झालो होतो.

तिची भक्ती खणखणीत होती. देवांशी ती धाकट्या दिरांशी बोलावे तसे बोलत असे. पूजेच्या वेळी आतून ऐकू येई, "तुला रोज ताजी फुलं हवीत, आणि पाऊस मात्र थांबवणार नाहीस. मी आणू कुठून?" नेमाच्या बाबतीत मात्र ती कोणाचे ऐकत नसे, देवाचेही नाही. जिवतीचा तिचा नेम एकच होता. भिंतीवर काढायची ती हयात मुले. जे गेले ते काढायचे नाही. ज्याच्यासाठी आयुष्य मागायचे, त्यालाच देवीजवळ जागा.

या नेमाची झळ मला पोचली ती माझा धाकटा मुलगा गेला त्या वर्षी. वैशाखात देवी आल्या आणि सहा दिवसांत तो आटोपला. दीड वर्षाचा होता. थोरली मुलगी सहा वर्षांची, ती वाचली. मी तेव्हा ठाण्याच्या शाळेत मास्तर होतो. सुतक फिटल्यावर वर्गात गेलो आणि भूमिती शिकवू लागलो. दुःख करायला अंगात जोर लागतो. माझ्यात तो नव्हता. मी शाळेतून येई, पगडी खुंटीला अडकवी आणि ओटीवर बसून राही. बायको आत बसून राही. घर चालू होते ते सवयीने.

आषाढ संपत आला तेव्हा एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "अहो, आजी यंदा किती काढतील?"

मला समजले नाही असे मी दाखवले.

"भिंतीवर," ती म्हणाली. "गेल्या वर्षी दोन होती. रांगत होता तो, तसाच काढला होता आजींनी. यंदा ती जागा कोरी राहणार ना?"

"नेमच आहे तो."

"ठाऊक आहे मला नेम." मग दिव्याची वात सारीत, "ताप आला तेव्हा त्याला एकटं ठेवलं नाही. आता भिंतीवरून तेवढा खाली उतरवायचा, आणि मी समोर बसून आरती म्हणायची. मला नाही जमायचं."

मी आजीशी बोलतो म्हणालो आणि बोललो नाही. बोलायचे काय, हेच मला सुचत नव्हते.

त्या वर्षी हा प्रश्न वडिलांनी आपल्या पद्धतीने सोडवला. ते कचेरीत अव्वल कारकून होते आणि नुकतेच म्युनिसिपालिटीचे सभासद झाले होते. रस्त्यावर दोन कंदील कोठे लावावेत यावर त्यांनी पाऊण तास भाषण केले होते, आणि ते ऐकून मामलेदारांनी मान हलवली होती. त्या मान हलवण्याचा अर्थ वडिलांनी असा घेतला की मामलेदारीणबाईंना श्रावणात हळदीकुंकवाला बोलवावे. बोलवायचे तर गेरूने चितारलेली भिंत कशी दाखवायची?

"आणि ते काम विधवेच्या हातचं," ते आईला म्हणाले. आजी चार हातांवर तांदूळ निवडत होती. वडील तिचा मुलगा, पण त्यांनी आवाज कमी केला नाही.

आजी म्हणाली, "अरे, मग तू काढ. तुझे हात तर सभासदाचे आहेत."

वडिलांनी काढली नाही, मुंबईहून आणली. सोनेरी चौकट, वर काच, चांगली दोन हात उंच. गाडीवानाने ओटीवर उतरवली तेव्हा अर्धी आळी जमली होती. निळे वस्त्र डोक्यावरून घेतलेली गोरी बाई, मांडीवर गुटगुटीत मूल, आणि भोवती ढगांतून डोकावणारी आणखी पाचसहा मुले. त्या भोवतालच्या मुलांना पंख होते.

"विलायती छपाई," वडील म्हणाले. "रंग पाहा. जिवतीचं असं चित्र ठाणे जिल्ह्यात दुसरं नसेल."

"पंख कशाला आहेत रे?" आजीने दाराआडून विचारले.

वडिलांनी चौकटीवरची धूळ पुसली. "गंधर्व असावेत. देवलोकातली मुलं आहेत, त्यांना पंख असायचेच."

मी इंग्रजी पुस्तके वाचलेला मनुष्य. मला ती बाई ओळखू आली होती. सांगायला तोंड उघडले, पण वडिलांच्या चेहऱ्यावर इतके समाधान होते, आणि मी इतका थकलेलो होतो, की म्हटले जाऊ द्या. माझ्या आयुष्यातली बरीच सत्ये अशीच जाऊ दिलेली आहेत.

पहिल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी आईने काच पुसायला तसबीर मागच्या पडवीत नेली. त्याच वेळी भाजी घेऊन येणारी ख्रिस्ती बाई मागच्या दारी टोपली उतरवत होती. तळ्यापलीकडची, वर्षानुवर्षे तिच्याकडूनच शिराळी आणि अळू येई. तिने तसबीर पाहिली, हातातली जुडी खाली ठेवली, कपाळाला आणि छातीला हात लावला.

"ही आमची सायबीण माय, येशूची आय," ती म्हणाली. "तुमच्याकडं कशी आयली?"

आई जागच्या जागी बसली. हे सर्व मला नंतर बायकोने सांगितले. आई म्हणाली, "अगं, हळू बोल. उद्या मामलेदारीणबाई यायच्यात."

बायकोने मात्र दुसरेच विचारले. "आणि ही पंखवाली कोण?"

"ही पोरां मेलेली, बाय," भाजीवाली म्हणाली. "बारकी पोरां मेली का देव त्यांना पंख लावतो. मग ती मायच्या भोवतीच रेतान. माझी पन दोन हान तिथं." आणि तिने ढगातल्या दोन मुलांवर बोट ठेवले. जणू आपल्या परसातली कोंबडी दाखवावी तसे. मग भाजी मोजून देऊन ती निघून गेली.

त्या रात्री जेवणे झाल्यावर बायकोने मला हे सांगितले. तिच्या आवाजात कित्येक महिन्यांनी काहीतरी हलले होते. "डावीकडे खाली एक आहे. गाल तसेच आहेत. पाहाल का तुम्ही?" मी पाहिले. ते मूल एखाद्या विलायती वाण्याच्या पोरासारखे दिसत होते. मी म्हणालो, "आहे खरं तसंच."

आईने घरात ठरवले की वडिलांना कोणी काही सांगायचे नाही. शुक्रवारी तसबीर माजघरात लागली. काचेवर आईने कुंकू लावले, ते खाली ओघळले, तिने बोटाने पुसून पुन्हा लावले. मामलेदारीणबाई आल्या, चारचौघींसारख्या वाकून नमस्कार करून बसल्या. माझी बायको पूजेला आली. मुलीला तिने ओवाळले. मग निरांजन तसबिरीच्या डाव्या कोपऱ्यापाशी जरा अधिक वेळ धरले. कोणाच्या लक्षात आले नाही. आजी स्वयंपाकघरात पुरणाचे दिवे उकडत होती. तिच्या मात्र आले. तिने मला मागाहून विचारले, "नातसून कोपऱ्यात कुणाला ओवाळत होती?" मी सांगितले.

सारे एवढ्यावर निभावले असते. पण वडिलांना मामलेदारांनाही तसबीर दाखवायची होती. मामलेदार ओटीवर दूध पिऊन झाल्यावर आत डोकावले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"वा," ते म्हणाले, "मी मिशनच्या शाळेत होतो तेव्हा हेच चित्र हेडमास्तरांच्या खुर्चीमागे असे. रोज सकाळी आम्हांला त्यापुढे उभं करत. फार उत्तम छपाई. तुम्ही एवढे उदार मताचे असाल असं वाटलं नव्हतं."

ते खरोखरच कौतुकाने बोलले होते, हेच वडिलांना जास्त लागले. पाहुणे गेल्यावर त्यांनी तसबीर स्वतः उतरवली, गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. गोमूत्र आणवून भिंत शिंपली. माझी बायको खांबाशी उभी राहून पाहत होती. तिने एवढेच विचारले, "मामंजी, खोलीत ठेवू का आमच्या? कोणाला दिसणार नाही." वडिलांनी ऐकले नसल्यासारखे केले. आठ दिवस ते कचेरीतून आल्यावर ओटीवर बसले नाहीत.

त्या आठवड्यात बायको पुन्हा मिटली. दुसऱ्या शुक्रवारी भिंत आजीकडे येणार हे उघड होते. घरात दुसरी जिवती नव्हती. बुधवारी संध्याकाळी आजी गेरू कुटत असताना बायको तिच्यापुढे जाऊन बसली. मी झोपाळ्यावर पेपर तपासत होतो, त्यामुळे हे मी स्वतः ऐकले आहे.

"आजी, तो पण काढा."

आजीचा बत्ता थांबला. "नाही काढत गं गेलेलं मूल. तुला ठाऊक आहे."

"का नाही?"

"जिवतीकडे मागायचं असतं आयुष्य. त्याच्यासाठी आता मागायचं काय?"

"मागायचं काही नाही. नुसता असू दे तिथे."

आजीने तळहातावरचा गेरू झटकला. मग म्हणाली, "चाळीस वर्षं मी लोकांच्या भिंतींवरून मुलं कमी करत आले. एकीने विचारलं नाही कधी." थोड्या वेळाने, "विचारायला हवं होतं कोणी." आणि पुन्हा बत्ता उचलला.

दुसऱ्या दिवशी ती उपाशी राहिली. देवघरात तिचे बोलणे चालले होते, पण या वेळी आवाज इतका हळू होता की शब्द कळले नाहीत. बहुधा परवानगी मागत असावी. किंवा कळवून टाकत असावी. तिच्या बाबतीत दोहोंत फारसा फरक नसे.

शुक्रवारी सकाळी भिंतीवर जिवती आली. तिच्या मांडीशी माझी मुलगी, हातात बाहुली. मग आजी थांबली आणि बायकोला म्हणाली, "पंख कसे काढतात? मला त्या गोऱ्या पोरांचे जमायचे नाहीत. ते कापसाचे वाटतात."

"तुम्हांला येतात तसे काढा."

"मला बगळ्याचे येतात." मिठागरांच्या बांधांवर बगळे बसतात, ते तिने लहानपणापासून पाहिलेले होते. तिने रांगणारे मूल काढले, अगदी गेल्या वर्षीचे, एक हात पुढे टाकलेला. आणि त्याच्या पाठीवर मिटलेले दोन पांढरे पंख चुन्याने काढले. बायकोने भिंतीला हात लावला नाही, रडलीही नाही. "ओले आहेत अजून," एवढेच म्हणाली.

मला वाटले, हे इथे संपले. पण आळीत चौदा घरे होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी भिंत पाहिली, आणि त्याच संध्याकाळपासून एकेक जण मागच्या दाराने येऊ लागली. समोरच्या घरची, जिच्या तोंडाला सगळी आळी भीत असे, ती म्हणाली, "आजी, गेल्या वेळी माझ्याकडे तीन काढलीत. दोन राहिली."

"केव्हाची गं?"

"एक बारा वर्षांमागं. एक बारशाच्या आधीच गेली. तिचं नावही नाही ठेवलं. चालेल?"

"चालेल," आजी म्हणाली.

तो श्रावण आजीने लोकांच्या माजघरांत काढला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होऊ लागले होते, हात कापत होते. एका घरी एकाला पंख, दुसऱ्या घरी चौघांना. एका घरी एकही मूल बिनपंखांचे नव्हते. तिथून आली तेव्हा तिने वाट्या स्वतःच घासून पालथ्या घातल्या. माझी बायको वाट्या घेऊन तिच्याबरोबर जाई, गेरू कालवून देई, काजळ धरी. मी शाळेतून येता-जाता उघड्या दारांतून भिंती पाही. आपल्या आळीत जिवंत मुलांपेक्षा गेलेली अधिक आहेत, हे मला तेव्हा प्रथम कळले. इतकी वर्षे भिंतींनी ते झाकून ठेवले होते. एका भिक्षुकाने हे शास्त्राला धरून नाही असे वडिलांना सांगितले. वडील म्हणाले, "असेल," आणि आत गेले.

शेवटच्या शुक्रवारी आजी घरी आली ती फार दमून. पाटावर टेकली. बायकोने तिला पाणी दिले आणि विचारले, "आजी, आणि तुमची?"

आजीला आठ मुले झाली होती. तीन राहिली, त्यांतले माझे वडील थोरले. पाच गेली. एवढे घरात सर्वांना माहीत होते, आणि एवढेच माहीत होते.

"माझी राहू दे," ती म्हणाली.

"जागा आहे भिंतीवर."

"जागा आहे गं. मला आठवत नाहीत." तिने काडी हातात फिरवली. "दोघांची तोंडं येतात डोळ्यांपुढे. तिघांची नाही येत. आठ दिवस आठवून पाहते आहे. दुसऱ्यांची काढून काढून त्यांचीच तोंडं येतात. चुकीची काढली तर ती दुसऱ्या कोणाची होतील."

दाराशी वडील उभे होते. केव्हा आले होते ते आम्हांला कळले नव्हते. पागोटे काढलेले, कचेरीचा अंगरखा तसाच.

"एकाच्या पायात वाळा होता," ते म्हणाले. "मी ओढायचो तो. तू मला मारलं होतंस त्यावरून."

आजीने वर पाहिले. "कोणत्या पायात?"

"डाव्या."

"आणि त्याच्या पाठची?"

"ती मला आठवत नाही, आई. मी दिवसभर शाळेत असायचो तेव्हा."

आजीने भिंतीकडे तोंड केले. तिने पहिले मूल काढले, त्याच्या डाव्या पायात वाळा घातला; वाळ्याबरोबर त्याचे तोंडही तिला आठवले. मग ज्या दोघांची तोंडे तिला आठवत होती, ती काढली. उरलेली दोघे नुसती बाह्यरेषेने काढली, पंखांसकट. चेहऱ्याच्या जागी भिंत तशीच ठेवली. वडील उभेच होते. आईने कुंकवाचा करंडा आणला, देवीला लावले आणि आजीला न विचारता उघडा करंडा तिच्या हाताशी ठेवून ती मागे सरली.

आजीच्या हातातून काडी सुटत नव्हती, बोटे आखडली होती. माझ्या बायकोने ती हळूच सोडवून घेतली आणि एकेक बोट चेपीत तिच्याजवळ बसली. आत नैवेद्याचा स्वयंपाक खोळंबला होता. तिला उठवायला कोणी हाक मारली नाही.